चालक एअरबॅग मंडलाचे दोषनिदान

मोटारगाडीच्या स्टिअरिंगमधील एअरबॅग आणि तिला अपघाताच्या क्षणी फुगवणारे नियंत्रक यांना जोडणाऱ्या विद्युत मंडलात बिघाड झाला असता तो नेमका कोठे आहे हे शोधण्याची कार्यपद्धती. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे; त्यामुळे हे काम आता पुण्यासारख्या शहरांतील लहान गॅरेजांकडेही येते.

नियंत्रक बहुधा दोन पुढच्या आसनांच्या मधल्या भागात, गाडीच्या तळाशी बसवलेले असते. तेथून पिवळ्या आवरणातील तारांची जोडी स्टिअरिंगपर्यंत जाऊन एअरबॅगच्या स्क्विबला, म्हणजे गॅसनिर्मिती सुरू करणाऱ्या प्रज्वलकाला मिळते. स्क्विबचा रोध साधारण २ ओहमच्या आसपास असतो. इग्निशन चालू करताच नियंत्रक अत्यल्प प्रवाह सोडून तो तपासते. रोध ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, किंवा तार तुटली, बॉडीला टेकली वा बॅटरीच्या धनाग्राशी जुळली, तर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेचा, इशारा देणारा दिवा विझत नाही. दिवा लागला म्हणजे एअरबॅगच बिघडली, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा वाटेतल्या क्लॉक स्प्रिंगमध्ये किंवा कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, निघतो.

क्लॉक स्प्रिंग ही प्लॅस्टिकच्या चकतीत गुंडाळलेली चपटी पट्टी-केबल असून स्टिअरिंग फिरताना ती उलगडते व पुन्हा गुंडाळली जाते. पेठांच्या अरुंद गल्ल्यांत गाडी लावताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते, तेव्हा ही पट्टी प्रत्येक वेळी वाकते. हॉर्न आणि स्टिअरिंगवरील बटणे हीही बहुतेक गाड्यांत तिच्यातूनच जोडलेली असतात; म्हणून दिव्यासोबत हॉर्नही बंद पडला असेल तर संशय प्रथम तिच्यावर घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋणाग्र काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे अनिवार्य आहे, कारण नियंत्रकातील संधारित्रात एअरबॅग उडवण्याइतका विद्युतभार काही काळ शिल्लक असतो. स्क्विबला मल्टीमीटर कधीही लावू नये. मीटरच्या तपासणी-प्रवाहानेही तो पेटण्याचा धोका असतो. काढलेली एअरबॅग आवरणाची बाजू वर करून ठेवावी.

बिघाड आढळला की नियंत्रक त्याचा कोड नोंदवून ठेवते. साधे कोड-वाचक बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, म्हणून एसआरएसचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. कोड वाचून टिपून घेतल्यावर बॅटरी सोडून, वर सांगितलेला वेळ थांबूनच, एअरबॅगच्या जागी तिच्या रोधाइतका रोधक कपलरमध्ये जोडतात. मग बॅटरी जोडून कोड पुसतात. कोड परत आला नाही तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या कपलरच्या संपर्कात असतो. परत आला तर पुन्हा बॅटरी सोडून तोच रोधक क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे, स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या कपलरला जोडतात. आता दोष गेला तर क्लॉक स्प्रिंग बदलावी, राहिला तर वायरिंग आणि शेवटी नियंत्रक तपासावे. कधी येणारा, कधी जाणारा दोष पकडण्यासाठी एअरबॅगच्या जागी रोधक असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून स्कॅनर पाहतात.

अनेक पिवळ्या कपलरांत, जोड सुटताच दोन्ही तारा एकमेकींना जोडणारी धातूची छोटी पट्टी असते. स्थितिक विजेने एअरबॅग उडू नये हा तिचा हेतू. ही पट्टी ठाऊक नसलेल्या इलेक्ट्रिशियनला वायरिंगमध्ये शॉर्ट असल्याचा भास होतो आणि चांगली वायरिंग उगाच सोलली जाते.

दिवा विझवण्यासाठी तपासणीचा रोधक कायमचा बसवून देणे हा गंभीर अपराध मानावा, कारण नियंत्रकाला सर्व ठीक भासते आणि चालकासमोर मात्र संरक्षण नसते. पुण्यात कोथरूडच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी गाडीच्या प्रकाराची चाचणी होते, रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मंडलाची नव्हे. जुनी गाडी घेताना इग्निशन चालू करून दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो का, हे पाहावे. तो मुळीच लागला नाही तर दिव्याशी छेडछाड झाल्याची शक्यता धरावी. रोधकाची लबाडी मात्र दिव्यावरून कळत नाही, त्यासाठी स्टिअरिंगवरील एअरबॅग व तिचे कपलर जाणकाराकडून पाहून घ्यावे लागते.

नाना पेठेच्या बाजारात वापरलेली क्लॉक स्प्रिंग घेण्याचा मोह टाळावा, कारण तिची पट्टी किती झिजली आहे हे बाहेरून दिसत नाही. नवी बसवताना चाके सरळ ठेवून तिच्यावरील खुणेनुसार ती मध्यावर आणावी लागते; हे चुकले तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी ताणली जाऊन तुटू शकते.