बैकलकाठची राखीव जंगले : एका कातड्यापायी सुरू झालेला इतिहास

सैबेरियातील बैकल सरोवराच्या काठी आज जी राखीव जंगले आणि राष्ट्रीय उद्याने आहेत, त्यांची सुरुवात सेबल या मांजरापेक्षाही लहान प्राण्याच्या कातड्यापायी झाली. सेबलच्या अंगावरून हात कोणत्याही दिशेने फिरवला, तरी केस उलटे लागत नाहीत. त्यातही सरोवराच्या पूर्वेकडील बार्गुझिन भागातला सेबल जवळजवळ काळा असल्याने त्याला सर्वाधिक भाव मिळे. सतराव्या शतकापासून झारचे अधिकारी स्थानिक जमातींकडून ‘यासाक’ हा कर अशा कातड्यांच्या रूपानेच वसूल करत आणि पुढे व्यापाऱ्यांची मागणी वाढत गेली, तसा विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्राणी नामशेष होण्याच्या बेतात आला.

सरकारने १९१३ पासून तीन वर्षांसाठी सेबलची शिकार बंद केली आणि १९१४ मध्ये गेओर्गी डोपेलमायर यांच्या नेतृत्वाखाली एक पथक ईशान्य काठावर पाहणीसाठी पाठवले. त्यातूनच ११ जानेवारी १९१७ रोजी, म्हणजे झारची सत्ता कोसळण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, बार्गुझिन राखीव वनक्षेत्र स्थापन झाले. रशियातील हे पहिले सरकारी राखीव क्षेत्र होय. सेबल वाचला आणि पुन्हा वाढला, ही मोठीच गोष्ट. मात्र त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तेथे शिकारीवर जगणाऱ्या एवेंकी लोकांना आपली भूमी सोडावी लागली, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

दुसरा टप्पा आला तो कारखान्यामुळे. १९६६ मध्ये दक्षिण काठावर बैकाल्स्क येथे कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या सांडपाण्याविरुद्ध शास्त्रज्ञ व लेखकांनी जाहीरपणे आवाज उठवला. तो बंद पडायला २०१३ साल उजाडले. दरम्यान १९६९ मध्ये दक्षिणेकडील खामार-दबान डोंगररांगेत बैकल राखीव क्षेत्र झाले, तर १९८६ मध्ये प्रिबैकाल्स्की आणि झाबैकाल्स्की ही दोन राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. १९९६ मध्ये युनेस्कोने संपूर्ण सरोवराचा जागतिक वारशात समावेश केला.

रशियन ‘झापोवेद्निक’ म्हणजे मुळात माणसाचा हस्तक्षेप टाळण्यासाठी राखलेली भूमी असल्याने तेथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे प्रवाशाला मोकळेपणाने पाहता येतात ती मुख्यतः उद्याने, पण त्यांचेही नियम आहेतच. झाबैकाल्स्कीतील उश्कानी बेटांच्या खडकांवर उन्हाळ्यात नेर्पा, म्हणजे केवळ बैकलमध्येच आढळणारे गोड्या पाण्यातले सील, ऊन खात पहुडलेले असतात. जराशी चाहूल लागली तरी ते पाण्यात उतरतात, म्हणून माणसांनी दुरूनच आणि आवाज न करता पाहायचे असते.