व्हिडिओ गेम समीक्षा : अपेक्षा व खेळकाल

संगणक, कन्सोल किंवा मोबाइलवरील खेळाच्या गुणदोषांचे विवेचन. नाटकाच्या समीक्षकाने पडदा पडेपर्यंत बसणे गृहीत असते. गेममध्ये पडदा नेमका कधी पडतो, इथूनच मतभेद सुरू होतात.

या लेखनाच्या आरंभाविषयी एकमत नाही. काही जण तो 'प्ले मीटर' (१९७४) या अमेरिकी व्यवसायपत्रिकेपर्यंत मागे नेतात. मात्र तिचा वाचक नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा मालक होता आणि यंत्र किती नाणी मिळवते, ही त्याची विवंचना. 'व्हिडिओ' मासिकात १९७९ च्या सुमारास बिल कुंकल व आर्नी कॅट्झ यांनी सुरू केलेले 'आर्केड अ‍ॅली' हे सदर खेळणाऱ्यांसाठी होते, म्हणून अग्रमान त्याला देणे अधिक सयुक्तिक. जपानच्या 'फामित्सू'ने (१९८६) चार समीक्षकांचे प्रत्येकी दहा, असे चाळीसपैकी गुण रूढ केले.

नाण्यागणिक काही मिनिटांच्या खेळात खेळकालाचा प्रश्न फारसा नव्हता. दीर्घकथात्मक गेममुळे तो आला. 'स्टीम' या विक्रीमंचावर अभिप्रायाशेजारी खेळलेले तास दिसतात. तेथे २०१५ पासून, खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम सहसा परत करता येतो. अधिक तास म्हणजे अधिक अधिकार, हे मत लोकप्रिय असले तरी अपुरे आहे : शंभर तास टिकणारा बहुधा आधीपासूनच त्या प्रकाराचा भोक्ता असतो. नियंत्रणे बोटांत बसतात की नाही, हे दोन तासांत कळते; कथेचा शेवट फसला का, हे कळत नाही. तास सांगावेत आणि निवाडा तेवढ्यापुरता ठेवावा, हे बरे.

'सायबरपंक २०७७' (डिसेंबर २०२०) हा गेम प्रकाशनापूर्वी समीक्षकांना केवळ पीसीवर मिळाला. जुन्या कन्सोलवरील दोष ग्राहकांनीच अनुभवले आणि 'प्लेस्टेशन' कन्सोल बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. येथे हाइपइतकेच (प्रकाशनपूर्व गाजावाजा), समीक्षा कोणत्या यंत्रावर झाली हेही महत्त्वाचे.

मुंबईत अपेक्षा किमतीशी बांधलेली असते. प्लेस्टेशन ५ चे अनेक मोठे गेम ४,९९९ रुपयांना येतात, त्यामुळे 'तासाला किती पडला' हा हिशेब होतोच. लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा हाजी अलीच्या हिरा पन्ना या बाजारसंकुलात वापरलेली डिस्क घेणाऱ्याचा हिशेब निराळा. या मोजपट्टीवर 'जर्नी' (२०१२) हा दोन-तीन तासांचा नावाजलेला गेम महागच ठरेल. लोकलमध्ये दोन स्थानकांच्या दरम्यान खेळल्या जाणाऱ्या मोबाइल गेमला ती लावताच येत नाही.