ऑब्जेक्टची तुलना: तोच की तसाच

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये दोन ऑब्जेक्ट (म्हणजे मेमरीत बनवलेल्या, स्वतःचा डेटा असलेल्या वस्तू) 'सेम' आहेत का, यात खरं तर दोन प्रश्न असतात, हा तोच आहे का (आयडेंटिटी) आणि हा तसाच आहे का (इक्वॅलिटी). मराठीत हे शब्द आयते वेगळे आहेत त्यामुळे आपल्याला हे समजायला सोपं जायला पाहिजे.

नागपुरात मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं सीताबर्डी आणि अ‍ॅक्वा लाइनचं सीताबर्डी हे एकच स्टेशन आहे, कोणत्याही लाइनने या, उतरता तिथंच, म्हणजे रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारा पत्ता) दोन पण ऑब्जेक्ट एक. आता ठेल्यावर तर्री पोह्याच्या दोन प्लेटी घ्या, तेवढेच पोहे, तेवढेच चणे, दोन्ही अगदी सारख्या, पण एकीत वरून तर्री ओतली तर दुसरी कोरडीच राहते ना. हीच खरी परीक्षा, एकात केलेला बदल दुसऱ्यात दिसला तर तो तोच.

जावात ऑब्जेक्टवर '==' लावलं की आयडेंटिटी तपासली जाते, इक्वॅलिटीसाठी इक्वल्स मेथड, आणि ती आपण क्लासमध्ये लिहिली नाही तर वरून आलेली मूळ मेथड पुन्हा आयडेंटिटीच बघते. पायथनमध्ये '==' म्हणजे इक्वॅलिटी, आयडेंटिटीसाठी 'इज'. जावास्क्रिप्टमध्ये '===' लावलं तरी तशीच फील्ड (आतली माहिती) असलेले दोन वेगळे ऑब्जेक्ट फॉल्सच येतात.

सगळ्यात जास्त घात करतो जावाचा इंटिजर, म्हणजे साध्या पूर्णांकाला ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारा क्लास. -128 ते 127 पर्यंतचे आकडे ऑटोबॉक्सिंगमध्ये (साधा आकडा आपोआप ऑब्जेक्ट होताना) कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या ऑब्जेक्टमधून येतात, म्हणून 127 आणि 127 '==' ने ट्रू येतात, पण 128 आणि 128 साधारणपणे फॉल्स, कारण तिथं दोन नवे ऑब्जेक्ट बनतात. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये हेच झालं होतं, ग्राहक नंबर '==' ने तपासत होतो, टेस्टिंगला 50 च ग्राहक होते म्हणून सगळं पास, आणि खऱ्या डेटात 128 नंबरपासून पुढचा एकही ग्राहक मॅच होईना, दोन दिवस आम्ही डेटाबेसच तपासत बसलो.

इक्वल्स लिहिली की हॅशकोड (ऑब्जेक्टच्या फील्डवरून आकडा काढणारी मेथड) पण लिहायलाच पाहिजे, समान ऑब्जेक्टचा हॅशकोड समान असावा असा करारच आहे. आणि हॅशसेटमध्ये (हॅशकोडवरून ऑब्जेक्ट ठेवणाऱ्या संचात) टाकल्यावर हॅशकोड ज्या फील्डवरून निघतो ते बदलू नका, नाहीतर ऑब्जेक्ट आतच असतो, मोजणीतही येतो, पण 'कंटेन्स' (हा आत आहे का) विचारलं की बहुतेक वेळा फॉल्स मिळतं.