महापालिकेचा भूखंड भाडेपट्ट्याने देणे, विकणे, आरक्षण बदलणे: नाशिककरांनी हरकत कुठे आणि कशी घ्यायची

पालिकेच्या मोकळ्या भूखंडाभोवती पत्रे लागले की कॉलनीत बैठक भरते. तोवर बहुतेक वेळा ठराव होऊन गेलेला असतो आणि निविदाही उघडलेली असते. हरकतीला वजन असते ते ठरावाआधी, किंवा आरक्षण (विकास योजनेत उद्यान, शाळा अशा कामासाठी राखलेली जागा) बदलाची नोटीस निघाल्यानंतरच्या महिनाभरात. त्यामुळे आधी कागद मिळवा, अर्ज मागाहून लिहा.

जागा कोणाची, हे पहिले

नाशिकमध्ये इथेच गोंधळ होतो. नवीन नाशिकमधल्या भूखंडाची मालकी सिडकोची असू शकते, सातपूर-अंबडमध्ये एमआयडीसीची, आणि सरकारी जमिनीचा विषय जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. अशा जागेची हरकत पालिकेत दिली तर ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्या. नगर भूमापन झालेले नसेल तर सातबारा. लेआउटमधल्या 'ओपन स्पेस'बाबत विशेष जपा. तिथे बाग पालिकेने केलेली असते, पण कागदावर नाव मूळ जमीनमालकाचेच राहिलेले असते.

दुसरा कागद म्हणजे झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. शहराची सुधारित विकास योजना २०१७ मध्ये मंजूर झाली, तिच्यात त्या सर्व्हे नंबरवर कोणते आरक्षण आहे ते यावरून कळते. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात मागणी करावी लागते.

मंजुरी कोण देतो

पालिकेची मिळकत कशी द्यायची, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे. बारा महिन्यांपर्यंतचा भाडेपट्टा आयुक्त आपल्या अधिकारात देऊ शकतात, पण त्याची माहिती स्थायी समितीला द्यावी लागते. तीन वर्षांपर्यंत स्थायी समितीची मंजुरी लागते. त्यापुढचा भाडेपट्टा किंवा विक्री महासभेच्या, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेच्या, मंजुरीशिवाय होत नाही. किरकोळ किमतीच्या मिळकतींना थोडी सूट आहे. मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, हेही याच कलमात आहे, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या हातातले सगळ्यात धारदार वाक्य हेच. 'आमच्या मुलांना खेळायला जागा नाही' हे खरे असले तरी फाइलवर त्याला उत्तर द्यावे लागत नाही. 'मूल्यांकन कोणत्या वर्षीच्या रेडी रेकनरवर (सरकारी जमीन दरतक्त्यावर) केले?' याला द्यावे लागते.

सरळ विक्री तशी क्वचितच. जास्त करून दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा नाही तर बीओटी (ठेकेदाराने बांधायचे, ठरलेली वर्षे चालवायचे, मग पालिकेला परत द्यायचे). म्हणून 'विकत नाही, फक्त विकसित करतोय' या उत्तरावर थांबू नका; मुदत किती वर्षांची आणि मुदतवाढीची अट काय, ते वाचा.

महासभेची विषयपत्रिका नगरसचिव विभागातून निघते. तिच्यात विषय दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. 'जादा विषय' म्हणून ऐनवेळी काय काय मंजूर होते, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. इतिवृत्तातला ठराव क्रमांक मिळवाच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाल्यावर महासभा आणि स्थायीचे अधिकारही त्यांच्याकडेच गेले. त्या काळातला ठराव असेल तर प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता, तेव्हा फाइल जरा जास्त बारकाईने पाहा.

फाइल बघायची सोय

राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइल कोणती हवी ते आधी कळवून ठेवलेले बरे. नाही जमले तर माहितीचा अधिकार: साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना शुल्क नाही. प्रस्ताव, मूल्यांकन अहवाल, ठराव आणि निविदेच्या अटी, एवढेच मागा. 'संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहिले की हाती काहीच पडत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

आरक्षण बदलाची हरकत

उद्यानाचे किंवा शाळेचे आरक्षण उठवायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ३७ ची प्रक्रिया लागते. राजपत्रात सूचना निघते आणि तिच्या तारखेपासून एक महिन्यात हरकती द्यायच्या असतात. हरकत घेणारा त्या प्रभागाचा रहिवासी किंवा शेजारचा मालक असायलाच हवा असे नाही, कोणीही देऊ शकतो. सुनावणीनंतर अंतिम मंजुरी राज्य शासनाची.

अर्जात सूचनेचा क्रमांक व तारीख, गाव-शिवार, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, हरकतीचे मुद्दे, पूर्ण पत्ता आणि सही असावी. भाग नकाशा, मिळकत पत्रिका, जागेचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत जोडा. 'मला सुनावणीस बोलवावे' हे वाक्य विसरू नका. सोसायटीने एकच अर्ज करून खाली शंभर सह्या घेतल्या तर ती एक हरकत म्हणून मोजली जाण्याची भीती असते. त्यापेक्षा घरटी वेगळे अर्ज द्या आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. सूचनेत ज्या अधिकाऱ्याचे नाव आहे त्याच्याकडेच अर्ज द्यायचा, नगरसेवकाकडे दिलेली प्रत हरकत ठरत नाही.

जागेवर झाडे असतील तर तो वेगळा विषय. तपोवनातल्या झाडांवरून २०२५ मध्ये जे वादळ उठले, त्यात ही तरतूद अनेकांना पहिल्यांदा कळली: तोडीच्या नोटिशीनंतर हरकतीला मिळतात जेमतेम सात दिवस, आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा.

ठराव होऊन गेला असेल तर

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन पालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. मंत्रालयातल्या नगरविकास विभागाकडे ठरावाच्या प्रतीसह अर्ज करावा, आयुक्तांना प्रत द्यावी. ठराव कलम ७९ च्या कोणत्या अटीत बसत नाही, ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. त्यापुढे उच्च न्यायालय. तिथेही वकील आधी मागतात तो आवक क्रमांक असलेला तुमचा जुना अर्ज.