आधी काम, मग सल्ला: इंजिनिअरच्या कन्सल्टिंगमागची दीडशे वर्षं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा 'मला कन्सल्टिंगमध्ये जायचंय' म्हणाला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, 'बावीस वर्षांचा तू, कुणाला काय सल्ला देणार?' मुलाला हा प्रश्न जुनाट वाटतो. पण या व्यवसायाचा बराचसा इतिहास त्या प्रश्नाच्या बाजूने आहे. सल्ला देणं हे कामाच्या शेवटाला यायचं. ते सुरुवातीला आलं, ही गेल्या सत्तरेक वर्षांतली गोष्ट.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली एल.सी.ई., म्हणजे त्या काळचे सिव्हिल इंजिनिअर झाले. मुंबई इलाख्यात ते पहिले आले होते. पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना नोकरी लागली आणि पहिली नेमणूक मिळाली नाशिकला. त्यानंतर २४ वर्षं त्यांनी सरकारी चाकरी केली. सिंधमधल्या सक्करचा पाणीपुरवठा, नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत, खडकवासल्याच्या सांडव्यावरचे आपोआप उघडणारे दरवाजे ही सगळी त्या काळातली कामं. १९०८ मध्ये मुदतीआधीच ते निवृत्त झाले, तेव्हा वय होतं ४७.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं, हजारो माणसं गेली. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणं धाडलं आणि १९०९ मध्ये ते तिथे सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले. त्यांनी आधी पाहिलं ते नदीकडे नव्हे, नदीच्या वरच्या अंगाला. पाणलोटात लहानमोठे शेकडो तलाव होते आणि त्यातले दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, असं करत सगळा लोंढा शहरात आला होता. नदीकाठच्या भिंती उंच करून भागणार नाही, शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय हवेत, असा त्यांचा सल्ला होता. उस्मानसागर आणि हिमायतसागर पुढे उभे राहिले ते या विचारातून. नाशिकपासून पुण्यापर्यंत कालवे आणि तलाव पायाखाली घातलेल्या माणसाची नजर आधी वर जाते. पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना हे दिसलं असतं का, मला शंका आहे.

इंग्लंडमध्ये ही वाट आधीच मळलेली होती. जॉन स्मीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७१ साली सिव्हिल इंजिनिअरांची पहिली संस्था काढली. पुढे सल्लागार अभियंत्याचा एक दंडकच ठरला: पैसे घ्यायचे ते मालकाकडून आणि फी म्हणून, कंत्राटदाराकडून कमिशन म्हणून नव्हे. (आपल्याकडच्या साइटवर हा दंडक किती पाळला जातो, हे सिमेंट-सळई विकणाऱ्याला विचारावं.)

कारखाना कसा चालवावा याचा सल्ला विकण्याची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली, आणि तीही इंजिनिअरनेच केली. फ्रेडरिक टेलर १८७८ साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात साधा मजूर म्हणून लागला. काम करता करता तो शिकला आणि मेकॅनिकल इंजिनिअर झाला १८८३ साली, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्याच वर्षी. १८९३ मध्ये त्याने सल्लागार म्हणून स्वतःचा व्यवसाय थाटला. बेथलेहेम स्टीलमध्ये त्याने फावड्यांचा अभ्यास केला. कोळसा उपसायला आणि जड खनिज उपसायला माणसं एकच फावडं वापरायची. टेलरने मोजून काढलं की एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भार असला की दिवसाअखेर सर्वांत जास्त माल हलतो. मग हलक्या मालाला मोठं फावडं आणि जड मालाला लहान, अशी फावडीच वेगळी केली. १९०१ मध्ये त्या कंपनीने त्याला घालवून दिलं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कामगारांचा राग तर होताच, व्यवस्थापकांनाही बाहेरच्याचं शहाणपण रुचलं नव्हतं.

१९१० मध्ये अमेरिकी रेल्वे कंपन्या भाडेवाढ मागत होत्या. त्या सुनावणीत हॅरिंग्टन इमर्सन या कार्यक्षमतेच्या सल्लागाराने साक्ष दिली, की नीट कारभार केला तर रेल्वे रोज दहा लाख डॉलर वाचवू शकतील. आकडा वर्तमानपत्रांनी उचलून धरला आणि सल्लागारांना सुगीचे दिवस आले. मॅकिन्झी ही कंपनी १९२६ ची. तिचा संस्थापक हिशेबशास्त्राचा प्राध्यापक होता, तरी तेव्हा असल्या कंपन्या स्वतःला 'मॅनेजमेंट इंजिनिअर' म्हणवत, कारण वजन त्या नावाला होतं.

पण कामाला माणसं घेतली जायची ती मुरलेली, उद्योगात निम्मी हयात घालवलेली. हे उलटवलं मार्व्हिन बोअरने. तो पेशाने वकील. १९५० च्या दशकात त्याने मॅकिन्झीत थेट हार्वर्डमधून बाहेर पडलेली तरुण मुलं घ्यायला सुरुवात केली. अनुभवाची जागा पद्धतीने घेतली: प्रश्नाचे तुकडे पाडा, आकडे गोळा करा, मांडणी घोटून घ्या. वर एक बुजुर्ग, हाताखाली चार-पाच तरुण. फी ठरते बुजुर्गाच्या नावावर आणि रात्री जागून आकडे जुळवतात ते तरुण. बावीस-पंचवीस वर्षांच्या पोराला कोण विचारणार, याचं उत्तर या रचनेत आहे. त्याला कुणी विचारतच नसतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याच्या मेहनतीचे आणि वरच्याच्या शब्दाचे.

भारतात स्वातंत्र्यानंतर कन्सल्टिंग म्हणजे पोलाद, वीज, पूल. एम. एन. दस्तूर यांची कंपनी कलकत्त्यात १९५५ ला निघाली, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स १९६२ ला. दस्तूर कंपनीने बोकारो पोलाद प्रकल्पाचा अहवाल तयार केला होता. पण अमेरिकेची मदत फिसकटली, रशियाचं कर्ज आलं आणि त्या कर्जासोबत रशियाचेच डिझायनर आले. खर्च कुठे कमी करता येईल हे दस्तूर कंपनीने १९६६ मध्ये स्वतंत्र अहवालात दाखवलं, तरी तिची भूमिका दुय्यमच राहिली. सल्ला बरोबर असणं आणि तो ऐकला जाणं यात पैसा कुणाचा हा प्रश्न येतो, हे त्या पिढीतल्या इंजिनिअरांनी चांगलंच अनुभवलं.

मुंबईत शिरीष पटेल यांनी १९६० साली स्वतःची फर्म काढली. केंब्रिजची पदवी होतीच, पण फर्म काढण्याआधी आफ्रिकेतलं करिबा आणि आपलं कोयना या दोन धरणांवर काम झालेलं होतं. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, देशातला पहिला, १९६५ चा. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. आजची नवी मुंबई ती हीच.

गावोगावच्या उद्योजकाला सल्लागार भेटला तो मात्र 'प्रोजेक्ट रिपोर्ट'च्या रूपाने. १९६२ ला एमआयडीसी आली, प्लॉट मिळू लागले, पण बँक कर्ज द्यायची ती कागद बघून. मशिनरीची कोटेशनं, विजेचा भार, खेळतं भांडवल, कितव्या वर्षी ना नफा ना तोटा, हे सगळं एका बाइंड केलेल्या वहीत. १९८२ मध्ये पुण्यात वित्तसंस्थांनी मिटकॉन उभी केली ती याच गरजेपोटी. कर्ज मंजूर झालं की वही कपाटात जायची हेही खरं, पण ती करताना अनेक तरुण इंजिनिअरांना नफा-तोटा पत्रक वाचता येऊ लागलं, जे कॉलेजने शिकवलं नव्हतं.

मुंबईत १९६३ साली नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची सरकारी संस्था निघाली, टेलरचंच शास्त्र शिकवणारी. ती आता आयआयएम मुंबई झाली आहे. आयआयएम अहमदाबाद आणि कलकत्ता त्याआधी दोन वर्षं. इंजिनिअरिंगवर एमबीए ही जोडी इथून रुळली. १९६८ मध्ये टीसीएस आली, एफ. सी. कोहलींसारख्या वीज कंपनीतल्या इंजिनिअरने ती वाढवली, आणि सल्ल्यापेक्षा सॉफ्टवेअरचं काम कितीतरी पुढे निघून गेलं. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पदवीधरांचा पूर आला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याने एक वेगळा कन्सल्टंट पाहिला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात स्टोअर्स किंवा प्रॉडक्शन प्लॅनिंगला सात-आठ वर्षं काढलेला मेकॅनिकलवाला सॅपचं, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या जर्मन सॉफ्टवेअरचं, एखादं मॉड्यूल शिकायचा आणि अमेरिकेला किंवा जर्मनीला जायचा. मटेरियलवाला 'एमएम' घ्यायचा, प्लॅनिंगवाला 'पीपी'. सॉफ्टवेअर नवं होतं, पण माल कुठे अडतो आणि स्टोअरकीपर काय लपवतो, हे त्याला आधीच ठाऊक होतं. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते त्यासाठी. माझ्या मते आपल्याकडच्या इंजिनिअरांनी केलेलं हे सगळ्यात अस्सल कन्सल्टिंग. त्याला ग्लॅमर मिळालं नाही, एवढंच.

१९९१ च्या उदारीकरणानंतर मॅकिन्झी, बीसीजी मुंबईत आल्या. २००३ मध्ये बॉम्बे फर्स्ट ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्झी यांचा 'व्हिजन मुंबई' अहवाल आला, दहा वर्षांत मुंबई जागतिक दर्जाची करण्याचा. वाद झाले, समित्या बसल्या, आणि कन्सल्टिंग हा शब्द मराठी घरांत पोचला. आयआयटीच्या डिसेंबरमधल्या प्लेसमेंटला या कंपन्या पहिल्या दिवसाच्या यादीत दिसू लागल्या.

तिथली मुलाखत थर्मोडायनॅमिक्स विचारत नाही. 'पुण्यात रोज किती वडापाव खपत असतील?' असं काहीतरी विचारते. लोकसंख्या धरा, खाणारे किती, आठवड्यातून किती वेळा, गाड्यांच्या संख्येवरून उलट तपासा. उत्तर चुकलं तरी चालतं, वाट सुटसुटीत हवी. इंजिनिअरिंगची मुलं यात तरबेज असतात, म्हणूनच त्यांना मागणी आहे. दोन-तीन वर्षांनी त्यातली बरीच एमबीएला किंवा एखाद्या कंपनीत निघून जातात, आणि तसंच अपेक्षितही असतं.

कायदा मात्र जुन्याच बाजूला उभा आहे, तोही अर्धवट. डॉक्टर आणि वकिलांसारखी इंजिनिअरांची देशव्यापी नोंदणी आपल्याकडे नाही. आर्किटेक्टांना १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरांना नाही. त्यामुळे पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी 'कन्सल्टंट' अशी पाटी लावायला कुणाची आडकाठी नाही. पण महापालिकेत इमारतीच्या आरसीसी डिझाइनवर सही करायची असेल तर परवाना लागतो, आणि तो मागताना पदवीनंतरच्या अनुभवाचा दाखला जोडावा लागतो.