वापरलेली वही वर ठेवा

पुतण्या औरंगपुऱ्याजवळच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतो. दिवाळीत गावी आला तेव्हा विचारलं, वाचन कुठवर आलं? म्हणाला, "काका, आधी नोट्सची सिस्टिम बसवायलो. ती बसली की मग वाचतो." लॅपटॉप उघडून दाखवला. ६१ फोल्डर, २२ टॅग, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. आत नोट्स ९. त्यातली एक तीन आठवडे 'तात्पुरते'मध्ये पडून होती, कारण ती जायकवाडीवर होती. भूगोलात घालावी की सिंचनात? नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, मग पर्यावरणात? समन्यायी पाणीवाटपाचा वाद राज्यव्यवस्थेत जाईल का?

पोरगं आळशी नाही. पण बिनचूक मांडणी करायची तर कोणती नोट केव्हा लागेल हे आधी माहीत हवं, आणि ते वाचल्याशिवाय कळत नाही. नेमका हाच पेच संगणकशास्त्रात फार सुंदर सुटलेला आहे.

वह्यांचा एक ढीग घ्या. हवी ती वही वरून एकेक बघत शोधायची. सातवी निघाली तर खर्च ७. नियम एकच: वापरलेली वही परत ठेवताना सगळ्यात वर ठेवायची. किराणा दुकानदार रोज खपणारा माल हाताशी ठेवतो, तसंच. १९८५ मध्ये डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी सिद्ध केलं की पुढे कोणती वही केव्हा लागणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे अशा सर्वज्ञाच्या तुलनेतही हा भोळा नियम फार तर दुप्पट खर्च करतो. मागण्या कितीही विचित्र क्रमाने येऊ द्या.

कसं, ते जरा वहीवर आकडे मांडून बघा. एक ढीग माझा, एक सर्वज्ञाचा; दोन्हींत सुरुवातीला क्रम एकच. पुढे ज्या दोन वह्या माझ्या ढिगात एका क्रमाने आणि सर्वज्ञाच्या ढिगात उलट क्रमाने असतील, ती 'उलटी जोडी'. अशा प्रत्येक जोडीमागे बँकेत १ रुपया ठेव आहे असं समजा. आता हवी असलेली वही माझ्याकडे सातवी आहे, म्हणजे तिच्यावर ६ वह्या. त्यातल्या ४ सर्वज्ञाच्या ढिगात तिच्या खाली आहेत, २ तिच्या वरच. मी वही काढली: खर्च ७. वर ठेवली: ४ उलट्या जोड्या सरळ झाल्या, ४ रुपये ठेवीतून मोकळे. उरलेल्या २ जोड्या मात्र नव्याने उलटल्या, तिथे २ रुपये भरले. ७ वजा ४ अधिक २, म्हणजे खिशातून गेले ५. सर्वज्ञाकडे त्या वहीवर किमान २ वह्या आहेत, म्हणजे त्याला किमान ३ मोजावे लागले. माझे ५ हे त्याच्या ३ च्या दुपटीहून कमीच. आकडे बदलून बघा, गणित मोडत नाही. (सर्वज्ञाने मधेच स्वतःचा ढीग हलवला तर? त्याचाही हिशेब बसतो, पण इथे सोडून देतो.)

जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी कागदपत्रांसाठी हीच रीत सुचवली: लिफाफे एका रांगेत, वापरलेला पुन्हा डाव्या टोकाला. न लागणारे आपोआप उजवीकडे सरकतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्याकडे ९०,००० च्या आसपास चिठ्ठ्या होत्या, पण त्यांनीही विषयवार काटेकोर मांडणी आधी ठरवली नाही. नवी चिठ्ठी तिच्याशी नातं असलेल्या चिठ्ठीमागे जायची. आज त्यांच्याच नावावर 'परफेक्ट' सिस्टिमचे कोर्स विकले जातात. पुतण्याचं टेबल ईशान्येकडे तोंड करून आहे आणि ॲपचे पैसे त्याने गुरुपुष्यामृतावर भरले. वास्तू सांगणारा आणि ॲप विकणारा, दोघांचा दावा एकच: मांडणी जमली की फळ आपसूक.

शिवाय नोट सापडणं वेगळं, आठवणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र मजकूर मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. रंगांचा तिथे संबंधच आला नाही.

हे सगळं पुतण्याला ऐकवलं. उलट्या जोड्यांपाशी त्याने मोबाइल बघायला सुरुवात केली, ते एक असो. तो गेल्यावर मी माझाच ढीग उपसून पाहिला. सगळ्यात तळाशी निघाली ती 'सर्व वह्यांची सूची'. सहाव्या पानापासून कोरी.