लोन्सम डव्ह

लोन्सम डव्ह : अमेरिकन कादंबरीकार लॅरी मॅकमर्ट्री (१९३६–२०२१) यांची १९८५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. टेक्सासच्या दक्षिण सीमेवरून थेट मोंटानापर्यंत गुरांचा कळप हाकत नेणाऱ्या काउबॉयांची ही आठशेहून अधिक पानांची कथा. तिला १९८६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. काउबॉयच्या दंतकथेतली हवा काढून घ्यायची, हा लेखकाचा हेतू होता. पण तिला डोक्यावर घेतले ते त्याच दंतकथेवर जीव लावून बसलेल्या वाचकांनी.

मॅकमर्ट्री उत्तर टेक्सासमधल्या आर्चर सिटी परिसरात, गुरे राखणाऱ्या कुटुंबात वाढले. वडील, काका सगळे घोड्यावरचे. मुलाला मात्र गुरांपेक्षा पुस्तकांचा लळा. पुढे त्यांनी जुन्या पुस्तकांचा व्यापारही केला आणि आर्चर सिटीसारख्या आडगावात भलेमोठे दुकान थाटले. टेक्सासच्या लेखकांनी घोडे आणि कुरणे यांचे गोडवे गाणे थांबवून शहरांकडे पाहावे, अशी खरमरीत टीका त्यांनी १९८१ मधल्या एका लेखात केली होती. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी स्वतः लिहिले ते कळपाच्या प्रवासावर.

मूळ कथा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दिग्दर्शक पीटर बोग्डानोविच यांच्यासाठी पटकथा म्हणून लिहिलेली होती. जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा हे तीन वृद्ध नट त्यात घ्यायचे होते. वेन यांनी नकार दिला आणि चित्रपट बारगळला. बऱ्याच वर्षांनी मॅकमर्ट्रींनी पटकथेचे हक्क परत विकत घेतले आणि तिची कादंबरी केली. नाव सुचले ते रस्त्यात दिसलेल्या एका बसवरून. ‘लोन्सम डव्ह’ नावाच्या बॅप्टिस्ट चर्चची ती बस होती.

कथेमागचा इतिहास खरा आहे. अमेरिकन यादवी युद्धानंतर टेक्सासमध्ये लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरे उदंड आणि कवडीमोल होती, उत्तरेत मात्र मांसाला चांगला भाव होता. म्हणून कळप शेकडो मैल चालवत कॅन्ससमधल्या रेल्वे स्थानकांपर्यंत आणि पुढे उत्तरेच्या कुरणांपर्यंत नेले जात. काटेरी तार आणि वाढती रेल्वे यांनी हा धंदा वीसएक वर्षांत संपवला. म्हणजे ज्या काउबॉयवर जगभर चित्रपट निघाले, त्याचा बहर एका पिढीपुरताही टिकला नाही. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग ही त्या काळातली गाजलेली जोडी. कोमांची या मूळ अमेरिकन जमातीच्या योद्ध्यांच्या हल्ल्यात जखमी झालेला लव्हिंग १८६७ मध्ये न्यू मेक्सिकोत गँगरिनने मरण पावला आणि त्याच्या शब्दाखातर गुडनाइटने त्याचे शव टेक्सासला परत आणवले. कादंबरीचा शेवटचा भाग या घटनेवर उभा आहे.

ऑगस्टस मॅक्रे ऊर्फ गस आणि वुड्रो कॉल हे दोघे निवृत्त टेक्सास रेंजर. रिओ ग्रांदेकाठच्या धुळकट लोन्सम डव्ह गावात ते घोड्यागुरांचा किरकोळ धंदा करतात. मोंटानाच्या कोऱ्या कुरणांचे वर्णन ऐकून कॉलच्या डोक्यात निघायचे भरते. कधीकाळचे हे कायद्याचे रखवालदार कळपासाठी बरीचशी जनावरे मेक्सिकोतून रात्रीत चोरून आणतात, आणि कोणालाच त्यात फारसे वावगे वाटत नाही. गसला मोंटानाचे आकर्षण नाही. वाटेत नेब्रास्काला त्याची जुनी प्रेयसी क्लारा राहते, एवढे त्याला पुरते.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले जाते ते प्रामुख्याने या दोघांच्या बोलण्यासाठी. पहिली शंभरेक पाने कळप हललेलाच नसतो. ओसरीसमोर डुकरे साप खात असतात, गस जगभरच्या गप्पा झोडत असतो, कॉल कामाला लागलेला असतो. धंद्याच्या पाटीवर गस अर्थ न समजता एक लॅटिन वाक्य घालतो, शिवाय डुकरे भाड्याने मिळणार नाहीत अशी सूचनाही. एक अखंड बडबड्या आणि एक तोंड न उघडणारा, अशी मैत्री वाचकाने आपल्या आसपासही पाहिलेली असते; म्हणून टेक्सासचा नकाशा ठाऊक नसणाराही इथे अडखळत नाही.

दुसरे कारण म्हणजे मृत्यूची वागणूक. नेहमीच्या वेस्टर्न कथेत माणूस गोळीबारात, काहीतरी सिद्ध करून मरतो. इथे नुएसेस नदी ओलांडताना शॉन ओब्रायन हा आयर्लंडहून आलेला पोरगा विषारी पाणसापांच्या घोळक्यात सापडतो आणि संपतो. पुरते ओळखीचे होण्याआधीच पात्र जाते. जुना सोबती जेक स्पून दरोडेखोरांच्या संगतीला लागला म्हणून त्याला फासावर चढवतात ते त्याचे मित्रच. पुढे कोण उरेल याचा भरवसा वाचकाला राहत नाही, आणि पाने उलटत राहण्यात या अविश्वासाचा वाटा मोठा आहे.

डीट्स या कृष्णवर्णीय वाटाड्याचा मृत्यू तर निव्वळ गैरसमजातून होतो. मूळ रहिवाशांच्या उपाशी टोळीतल्या आंधळ्या मुलाला तो उचलून घेतो, आणि हल्ला समजून एक तरुण त्याला भाल्याने मारतो. एरवी भावना न दाखवणारा कॉल फळीवर त्याचा मृत्युलेख कोरत बसतो. शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवून त्यात म्हटले आहे, की हा माणूस तीस वर्षे सोबत होता, कुठल्याही हवामानात हसतमुख राहिला, कामचुकारपणा केला नाही. हा मजकूर गुडनाइटने बोस इकार्ड या आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याच्या थडग्यावर लिहवलेल्या ओळींवर बेतलेला आहे. मात्र एवढे लिहिणारा कॉल, न्यूट हा आपला मुलगा आहे, हे त्या मुलासमोर अखेरपर्यंत कबूल करत नाही. स्वतःचा घोडा, बंदूक, घड्याळ देतो; नाव देत नाही. काउबॉयच्या अबोल पौरुषावर यापेक्षा कठोर टीका या साहित्यप्रकारात क्वचितच सापडेल.

दोषही आहेत. ब्लू डक हा खलनायक निव्वळ क्रूर आहे, त्याला आतून पाहण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही. मूळ रहिवाशांची उपासमार दिसते, पण त्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. स्त्रिया मोजक्या, त्यातली क्लारा मात्र सगळ्या पुरुषांहून शहाणी आहे आणि कॉलला तोंडावर सुनावते. मॅकमर्ट्रींनी नंतर या कादंबरीची तुलना जुन्या अमेरिकन दक्षिणेचे गोडवे गाणाऱ्या ‘गॉन विथ द विंड’ या लोकप्रिय कादंबरीशी केली, आणि ती कौतुकाने केलेली नव्हती.

१९८९ मधल्या सीबीएस वाहिनीवरच्या मालिकेने, रॉबर्ट ड्युवॉल (गस) आणि टॉमी ली जोन्स (कॉल) यांच्या अभिनयामुळे, पुस्तकाला नवा वाचक मिळवून दिला.

मराठीत अमेरिकन सीमाप्रदेशाचे सकस चित्रण पोहोचले ते जी. ए. कुलकर्णी यांनी अनुवादलेल्या कॉनरॅड रिक्टर यांच्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या कादंबऱ्यांतून. ती माणसे जंगल तोडून रुजतात. मॅकमर्ट्रींची माणसे रुजण्याच्या भीतीनेच निघालेली आहेत.

पुढे मॅकमर्ट्रींनी याच पात्रांवर आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. ‘स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो’ (१९९३) मध्ये न्यूट घोड्याखाली सापडून आधीच गेलेला आहे, तर म्हातारा कॉल एक हात आणि एक पाय गमावतो. लेखकाने आपला मूळ हेतू इथे जास्त कठोरपणे राबवला. तरी बहुतेकांच्या तोंडी आजही नाव पहिल्याच पुस्तकाचे आहे.